मिशनच्या माळावरचा सावळेराम

पांगारवाडीला रविवार कळायचा तो सावळेरामाच्या घंटेमुळं. प्रार्थनेला मात्र कोणी यायचं नाही. घंटा झाली की वाडीतल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन एस.टी. गाठायला निघायच्या, कारण रविवारी जुन्नरचा बाजार. सावळेराम प्रार्थनाघराच्या दारात उभा राहून त्यांना जाताना बघायचा, एखादीला "येताना मीठ आन गं" म्हणून सांगायचा आणि आत जाऊन रिकाम्या बाकांसमोर प्रार्थना सुरू करायचा. गाणं स्वतःच म्हणायचा, आमेन स्वतःच म्हणायचा. टवाळ माणसं त्याला पाद्री म्हणायची. तो कसला पाद्री! मिशनचा रखवालदार होता, आणि पांगारवाडीत उरलेला शेवटचा ख्रिस्ती होता.

वाडी जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्याच्याही पुढं, डोंगराच्या पोटात. सगळी महादेव कोळ्यांची घरं. पावसाळ्यात भात, उतारावर नाचणी आणि उन्हाळ्यात हिरडा. वाडीचं मीठमिरची हिरड्यावर चालायचं. कोवळा हिरडा झाडावरून झोडायचा, खळ्यात पसरून वाळवायचा, काळा ठिक्कर पडला की पोत्यात भरून बाजारात न्यायचा. आणि हिरड्याची सगळ्यात जुनी, सगळ्यात धरणारी झाडं होती ती मिशनच्या माळावर. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे पणज्या-खापरपणज्यांपासून ठरलेलं. भावकीत भांडणं व्हायची ती बांधावरून. झाडावरून कोणी कधी भांडलं नाही.

माळ मिशनचा कसा झाला, ती हकीकत वाडीत सगळ्यांना पाठ होती. मागं कधीतरी पटकीच्या साथीत एक गोरा साहेब घोड्यावरून औषध घेऊन आला. माणसं वाचली. पंचांनी त्याला माळ दाखवला आणि म्हणाले, बस इथं. बसायला दिला, विकला नाही. जमीन विकायची असते हे ज्ञान वाडीला तेव्हा झालेलं नव्हतं. साहेबानं बंगला बांधला, प्रार्थनाघर बांधलं, दवाखाना काढला. पुढं सरकारी मोजणी आली. मोजणीवाल्यांनी विचारलं, इथं कोण राहतं? साहेब राहतो. लागलं साहेबाचं नाव. यात काय झालं, ते वाडीला कळायला दोन पिढ्या लागल्या.

सावळेरामाचा बाप बुधाजी हा शेवटच्या साहेबाचा स्वयंपाकी. त्याच्याबरोबर वाडीतल्या चारदोन घरांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांची पोरं मिशनच्या बोर्डिंगात शिकली, पुण्याला-नगरला नोकऱ्यांना लागली आणि तिकडचीच झाली. साहेब स्वराज्य आल्यावर आपल्या मुलखाला गेला. बंगला, माळ आणि प्रार्थनाघर पुण्यातल्या एका ट्रस्टकडं आलं, आणि बंगल्याची किल्ली बुधाजीकडून सावळेरामाकडं आली.

आता त्या माळाच्या मागच्या अंगाला, प्रार्थनाघराच्या पाठीशी, करवंदीच्या जाळीत एक दगड उभा होता. गुडघ्याएवढा, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र नि सूर्य. तो वाघोबा. मिशनच्या कितीतरी आधीचा. पहिला साहेब समजूतदार, त्यानं तो काढायला लावला नाही. पुढच्यांना तो जाळीत दिसलाच नाही. बुधाजीनं बाप्तिस्मा घेतला तरी संध्याकाळी तिथं दिवा लावायचं सोडलं नव्हतं. सावळेरामानं लहानपणी एकदा विचारलं, तेव्हा बाप म्हणाला, "आरं, प्रभू आपला देव. ह्यो जागंचा मालक. ज्याच्या जागंत ऱ्हायचं त्याला सांजच्याला रामराम घालाया नको व्हय?"

सावळेरामाला ते पटलं आणि जन्मभर पटलेलंच राहिलं. बाप गेल्यावर दिवा त्याच्याकडं आला. आत प्रार्थना म्हणायची, दार ओढून घ्यायचं, मागं जाऊन वात लावायची. शहाण्या माणसांना यात मोठा घोळ दिसतो. सावळेरामाला कधी दिसला नाही.

त्याची बायको शीला मात्र पहिल्या संध्याकाळीच तो दिवा बघून कडाडली होती. ती नगरकडची, मिशनच्या दवाखान्यात आया, लहानपणापासून प्रार्थनेत वाढलेली. तिनं अबोला धरला. मग एका पावसाळ्यात सावळेराम तापानं अंथरुणाला खिळला, तेव्हा संध्याकाळी डोक्यावर इरलं घेऊन तीच मागं गेली आणि दिवा लावून आली. विचारलं तर म्हणाली, "तुमचा घरमालक अंधारात बसला होता." तेव्हापासून त्या घरात वाघोबाला घरमालकच म्हणायचे. रविवारी दोघं एका बाकावर शेजारी बसून गाणी म्हणायची. शीलाचा आवाज चांगला, सावळेरामाचा बेसूर. तो फारच भरकटला की ती त्याला कोपरानं ढोसायची आणि तो ढोसणं खाऊन आणखी मोठ्यानं म्हणायचा. मूलबाळ झालं नाही. एका श्रावणात काविळीनं शीलाला नेलं.

जुन्नरहून पाद्री ओढे तुडवत, चिखलानं माखून आला. त्यानं तिच्यावर दफनाची प्रार्थना वाचली. सावळेरामाला त्या दिवसातलं दुसरं काही आठवत नव्हतं, पण पाद्रीनं पुस्तकात बघत तिचं नाव उच्चारलं, ते आठवत होतं. पावसात, एवढ्या लांब, तिचं पूर्ण नाव कोणीतरी देवाला ऐकवलं. माळावरच्या कबरींत तिच्या डाव्या हाताला त्यानं आपल्यापुरती जागा मोकळी सोडली. आता त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मेल्यावर तिच्या शेजारी पडायचं, आणि तिच्यावर वाचली तीच प्रार्थना आपल्यावर वाचली जावी. पुढं-मागं कोणी नसलेल्या माणसाचं मागणं ते केवढं असणार!

तर एवढी वर्षं रोज लागणारा दिवा मिशनला कळला कसा नाही? वाडीनं कळू दिला नाही म्हणून.

नाताळाच्या आधी पुण्याहून ट्रस्टची माणसं पाहणीला यायची. खालच्या वळणावर पांढरी जीप दिसली की सावळेरामाचा चुलतभाऊ हौशीराम हाक घालायचा, "मिशन आलं रं!" मग तो आणि भावकीतला कुंडलिक पळत माळावर जायचे, वाघोबाला गोणपाटात गुंडाळायचे आणि हौशीरामाच्या गोठ्यात पेंढ्याखाली नेऊन ठेवायचे. मोकळ्या जागेवर पाचोळा पसरायचा. हौशीरामाची बायको सरूबाई गोठ्याच्या दारात सूप घेऊन पाखडत बसायची, सुपात दाणा असो नसो. जीप गेली की वाघोबा परत जागेवर, वर नारळ फोडून माफी. "देव मामाच्या गावाला जाऊन आला," असं म्हणून बाया हसायच्या. आख्खी वाडी वर्षातून एकदा आपला देव लपवायची. कशासाठी? तर सावळ्याची नोकरी जाऊ नये आणि शीलाशेजारची त्याची जागा जाऊ नये. असं गाव मिळायला नशीब लागतं. सावळेरामाला ते मिळालं होतं, आणि तरी रविवारी त्या बाकावर तो एकटाच होता.

दोन हजार सालच्या आगेमागे माळावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या गेल्या. ट्रस्टच्या शहरातल्या दवाखान्याचं छप्पर गळत होतं, त्याला पैसा हवा होता. आणि पुण्याच्या एका बिल्डरला डोंगर, वारा आणि जुनी झाडं असलेली जागा हवी होती, रिसॉर्ट काढायला. हौशीरामाचा मुलगा भरत ओतूरच्या कॉलेजात शिकलेला. त्यानं धावपळ करून तालुक्याला अर्ज दिला, की माळ मूळचा वाडीचा आहे, मिशनला तो फक्त वापरायला दिला होता, म्हणून विक्री थांबवा. जागेवर चौकशी करायला अधिकारी येणार असं ठरलं.

आदल्या संध्याकाळी भरत सगळ्यांना समजावून सांगत होता. "साहेब इचारतील, मिशनच्या आदी तुमी हितं व्हता कशावरनं? तर झाडं दाखवायची आन वाघोबा दाखवायचा. देव काय कोनी परक्याच्या रानात मांडीत न्हाई. सगळ्यात मोठा पुरावा त्यो हाय, ध्यानात ठिवा." सगळ्यांनी ध्यानात ठेवलं. हौशीरामानं तर दोनदा बोलून दाखवलं.

सकाळी भरत अधिकाऱ्यांना वाट दाखवायला आपटाळ्यापर्यंत खाली गेला. आणि अधिकाऱ्यांच्या आधी वळणावर दिसली ती ट्रस्टची पांढरी जीप.

पुढं झालं ते सवयीनं झालं. हौशीराम म्हशीला पाणी दाखवत होता. जीप दिसताच त्याच्या तोंडून हाक गेली, कुंडलिक हातातलं टाकून पळाला, दोघांनी वाघोबा उचलला, गोठ्यात नेला, पाचोळा पसरला. सरूबाई सूप घेऊन दारात बसली. आज काय आहे हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सावळ्याला सांभाळायचं त्यांच्या हाताला इतकं वळण पडलं होतं, की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

सावळेराम तेव्हा बंगल्यात चुलीवर चहा ठेवत होता. ट्रस्टचे सेक्रेटरीसाहेब ओट्यावर बसले होते. वयस्कर, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी सावळेरामाची विचारपूस केली, खोकल्याला औषध घेता का विचारलं. मग म्हणाले, "सावळेराम, विक्री झाली तरी कबरींची जागा आम्ही राखून ठेवणार आहोत. कुंपण घालू. शीलाबाईंच्या शेजारची जागा तुमची. वेळ येईल तेव्हा मी स्वतः पाद्रीसाहेबांना घेऊन येईन. हा माझा शब्द."

सावळेरामाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत हे त्यानं कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, आणि या माणसाला न सांगता कळलं होतं. सेक्रेटरीसाहेब वाईट नव्हते. वाईट असते तर सगळं सोपं झालं असतं.

ऊन चढल्यावर अधिकारी आले. आधी झाडं बघितली. लोकांनी आपापली झाडं दाखवली. सेक्रेटरीसाहेब शांतपणे म्हणाले, "हिरडा आम्ही त्यांना दयाबुद्धीनं नेऊ देत होतो. त्यानं मालकी होत नाही." अधिकाऱ्यांनी मान हलवली. मग भरत पुढं झाला, "साहेब, आता आमचं देवाचं ठिकान बघा." त्याच्यापुढं हौशीराम, त्याच्यामागं सगळी वाडी. करवंदीच्या जाळीपाशी आल्यावर हौशीरामानं डोक्याची टोपी सारखी केली, मोठ्या मानानं फांद्या बाजूला सारल्या आणि जागच्या जागी गार पडला.

खाली पाचोळा होता.

"कुठं आहे देव?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"गोठ्यात हाय," हौशीराम म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला नसावा, कारण तेच त्यानं परत म्हटलं.

"गोठ्यात? का?"

हौशीरामानं तोंड उघडलं. त्याची नजर सावळेरामाकडं गेली. सावळेराम सेक्रेटरीसाहेबांच्या शेजारी उभा होता. खरं कारण सांगितलं तर माळ वाचण्याजोगा होता, आणि सावळ्या बुडणार होता. हौशीरामानं तोंड मिटलं, आणि मग म्हणाला, "उगंच. पाऊस लागंल म्हनून."

वैशाखाचं ऊन डोक्यावर तापत होतं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. अधिकाऱ्यांबरोबरचा कारकून हसला. भरतनं बापाकडं असं बघितलं की सरूबाईनं पदर तोंडाला लावला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "साहेब, यांच्या गोठ्यातला दगड आणून उद्या इथं उभा केला, तर तोही पुरावा धरायचा का?"

अधिकारी सावळेरामाकडं वळले. "बाबा, तुम्ही मिशनचे. जन्म तुमचा इथला. तुम्ही सांगा, इथं दगड होता का?"

आता सगळी वाडी सावळेरामाकडं बघत होती, आणि कोणाच्याही नजरेत 'सांग' असं नव्हतं. ते जर असतं, कोणी डोळे वटारले असते, तर कदाचित सावळेरामाला गप्प बसता आलं असतं. पण हौशीराम तर खाली जमिनीकडं बघत होता, पाऊस लागंल म्हणून सांगितल्याची लाज गिळत. त्या माणसानं आपला माळ, आपली झाडं, आपला देव, सगळं त्या एका खुळचट उत्तरात घालवून टाकलं होतं. सावळेरामाला शीलाची कबर आठवली, शेजारचं मोकळं गवत आठवलं. 

"साहेब," तो म्हणाला, "त्यो माझ्यापायी लपीवला."

"म्हणजे?"

"दगड हितंच असतोय. माझ्या बापाच्या, आज्याच्या आदीपासनं. सांजच्याला मी दिवा लावतो. मिशनला कळू नाय म्हनून ही मानसं त्यो उचलून नेत्यात. दरसाल नेत्यात. आज बी सवयीनं नेला."

अधिकारी लिहू लागले. हौशीराम आणि कुंडलिक गोठ्यातून गोणपाटातला दगड घेऊन आले; पाचोळा सारला तर खालचा खड्डा दगडाला असा बसला की कारकुनाचं हसू थांबलं.

सेक्रेटरीसाहेबांनी मात्र दगडाकडं बघितलंही नाही. "तुम्ही, सावळेराम?" ते म्हणाले. "आणि रविवारची प्रार्थना?"

"ती बी मीच म्हनतो, साहेब."

"इतकी वर्षं आम्हाला फसवलंत."

सावळेरामाला म्हणायचं होतं की फसवलं ते लपवण्यात; प्रार्थनेत नाही.  त्यानं कनवटीची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. सेक्रेटरीसाहेबांनी ती खिशात टाकली आणि ते जीपकडं चालू लागले.

विक्री थांबली. पुढं तारखा पडत राहिल्या, भरतनं जुन्नर-पुणे हेलपाटे घातले, आणि शेवटी माळ वाडीच्या नावावर लागला. वाडीत गुलाल उधळला. ट्रस्टची माणसं एक दिवस टेम्पो घेऊन आली आणि बाकं, घंटा, भिंतीवरचा लाकडी क्रूस, सगळं भरून घेऊन गेली. सावळेराम टेम्पो वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभा होता.  

हौशीरामानं त्याला आपल्या पडवीत खाट दिली. सरूबाई "भावजी, दूध घ्या, भावजी, भाकर घ्या" म्हणून मागं लागायची. वाघोबावर वाडीनं पत्र्याची शेड उभी केली, फरशी बसवली, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पहिला नारळ फोडायचा मान सावळेरामाला दिला. त्यानं फोडला. रिकाम्या प्रार्थनाघरात हिरड्याची पोती रचली. रविवारी सावळेराम त्या पोत्यांच्या मधे उभा राहून प्रार्थना म्हणायचा. आत हिरड्याचा तुरट वास दाटलेला असायचा आणि गाणं म्हणताना घसा खवखवायचा.

एका रविवारी कुंडलिक पोतं न्यायला आत आला आणि त्याला तसा बघून पाय न वाजवता परत गेला. संध्याकाळी पडवीत तंबाखू मळताना हौशीराम म्हणाला, "सावळ्या, येक सांगू का? आता तुला कोनाचं भ्याव न्हाई. मिशन गेलं, नोकरी गेली. आता कशापायी सोंग करायचं?"

सावळेरामाचा हात थांबला. "कसलं सोंग?"

"आरं, ती प्रार्थना-बिर्थना. पोटापायी केलंस, कोन नाव ठिवतंय? आमाला काय ठाव न्हाई व्हय? तू आमचाच. दिवा तर लावीत व्हतास ना."

"त्ये सोंग न्हवतं, हौश्या."

"बरं, बरं," हौशीराम हसत म्हणाला आणि त्याच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. रुसलेल्या पोराला समजवावं तशी.

त्या थापेनं सावळेराम जेवढा एकटा पडला तेवढा तो शीला गेली तेव्हाही पडला नव्हता. मिशन म्हणालं, तू आमचा कधीच नव्हतास. वाडी म्हणत होती, तू कायम आमचाच होतास. दोघांनी मिळून त्याचं अर्धं आयुष्य खोटं ठरवलं, एकानं रागानं आणि एकानं मायेनं. रागावर निदान बोलता तरी येतं. दोन्ही खरं होतं हे जिला ठाऊक होतं, ती माळावर मातीखाली होती.

नाताळाला तो कोणाला न सांगता पुण्याला गेला. ट्रस्टच्या मोठ्या देवळात शेवटच्या बाकावर बसला. किती वर्षांनी आजूबाजूला एवढी माणसं गात होती! त्याचा बेसूर आवाज त्यांच्यात बुडून गेला आणि त्याला फार बरं वाटलं. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरी आणि द्राक्षारस घ्यायला तो सगळ्यांबरोबर पुढं जाऊन गुडघे टेकून बसला. पाद्री तरुण होता, पण सेक्रेटरीसाहेब जवळच उभे होते. ते त्याच्या कानाशी लागले. पाद्री सावळेरामापुढं थांबला आणि हळू म्हणाला, "काका, तुमचं नाव मंडळीतून कमी केलंय. तुम्ही आधी त्या मूर्तीबद्दल पश्चात्ताप करा. मग या, आनंदानं या."

"लपीवल्याचा करतो," सावळेराम म्हणाला. "दिव्याचा कसा करू?"

 पाद्री भाकरीचं ताट घेऊन पुढच्या माणसाकडं गेला. सावळेराम उठला, शिवाजीनगरला येऊन एस.टी.त बसला आणि नारायणगावपर्यंत खिडकीकडं तोंड करून होता.

घरी आल्यावर त्यानं हौशीरामाला विचारलं, "मी मेल्यावं मला शीलाच्या शेजारी ठिवशील?"

"तर! चौघं खांद्यावं नेऊ. वाजतगाजत नेऊ."

"आन पुस्तक कोन वाचंल?"

हौशीराम विचारात पडला. त्याला प्रश्न नीट कळला नव्हता, पण सावळ्याला हवंय एवढं कळलं होतं. "भरत वाचंल की. त्याला वाचाया येतंय."

"वाचाया येऊन न्हाई भागत रं," सावळेराम म्हणाला. "मानायला लागतंय." आणि विषय सोडून दिला.

पुढच्या पावसाळ्यात त्याचा खोकला छातीत उतरला. भाद्रपदात जरा उघडीप झाली तशी एका दुपारी तो खाटेवरून नाहीसा झाला. हौशीराम त्याला शोधत माळावर आला. सावळेराम कबरींपाशी होता. धुतलेला पांढरा सदरा घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. शीलाच्या डाव्या हाताला गवतावर तो उभा होता आणि हातातल्या पुस्तकातून मोठ्यानं वाचत होता. मधे मधे खोकला येत होता. तो थांबायचा, बोटानं ओळ धरून ठेवायचा, आणि तिथूनच पुढं वाचायचा. पुस्तकात जिथं माणसाचं नाव घ्यायची जागा असते तिथं आल्यावर त्यानं मान वर केली आणि खणखणीत म्हणाला, "सावळेराम बुधाजी."

हौशीराम पुढं झाला. "काय रं करतुयास ह्ये?"

"माझं वाचून घेतोय. मागनं कोन वाचनार न्हाई."

"आरं पन जित्या मानसाचं..."

"टोपी काढ आन हुबा ऱ्हा. थोडंच ऱ्हायलंय."

हौशीरामानं टोपी काढली. समोर काय चाललंय याचा त्याला अर्थ लागत नव्हता. पण सावळ्या हे पोटापायी करत नव्हता, एवढं त्याला आता, या वयात, पहिल्यांदा दिसत होतं. तो हलला नाही. सावळेरामानं शेवटपर्यंत वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "आमेन म्हन."

"आमेन," हौशीराम म्हणाला. घोगऱ्या, अडखळत्या आवाजात.

सावळेराम वाकला. ओल्या मातीची एक मूठ उचलून त्यानं त्या मोकळ्या गवतावर टाकली. दुसरी मूठ हौशीरामाच्या हातात दिली. "टाक. आलेल्या मानसानं टाकायची असती."

हौशीरामानं ती माती मुठीत घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी मान नकारार्थी हलवत राहिला. "न्हाई टाकनार. तू माझ्याम्होरं हुबा हायस आन मी तुझ्यावं माती टाकू? माझ्यानं न्हाई व्हायचं, सावळ्या."

सावळेरामानं थोडा वेळ वाट बघितली. मग हौशीरामाच्या वाटणीची मूठही त्यानंच उचलून टाकली.